मदत हवी आहे: चुंबकीय मायक्रोरोबो काचेला चिकटतोय

नमस्कार मंडळी,
एम.टेक.च्या प्रकल्पासाठी पेशी भरलेले हायड्रोजेलचे (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचे) बारीक ठोकळे मायक्रोरोबोने ढकलून शेजारी-शेजारी रचायचे आहेत, म्हणजे ऊतीचा छोटा तुकडा बांधता येईल. रोबो स्क्रूच्या आकाराचा आहे, कारण इतक्या लहान मापात पाण्याची चिकटाई जडत्वावर मात करते आणि नुसतं पुढे-मागे हलून पोहता येत नाही. (भौतिकशास्त्रज्ञ पर्सेलने १९७७ साली हे शिंपल्याच्या उदाहरणाने सांगितलं होतं.) रोबो चुंबकाने हलावा म्हणून लेप लागतो; निकेल पेशींना घातक, म्हणून आयर्न ऑक्साइडचा दिलाय.

तीन अक्षांवर हेल्महोल्ट्झ कॉइलच्या (मधल्या जागेत एकसारखं चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या समोरासमोरच्या कॉइलच्या) जोड्या आहेत. रोबोला फिरवणारं फिरतं चुंबकीय क्षेत्र साध्या पाण्यात मस्त चालतं. पण पेशींच्या माध्यमात रोबो तळाच्या काचेला चिकटतो, तो चिकटतोच! पाण्यात साबणासारखं सर्फॅक्टंट घालून भागायचं, इथे त्याने पेशीच मरतील.

काचेला अल्ब्युमिनचा (एका प्रथिनाचा) लेप देऊन कुणाला फरक पडलाय का? की रोबोलाच द्यावा?

दुसरं, अर्ध्या तासात कॉइल तापून डिश ३७ अंशांच्या वर जाते. पाण्याने थंड करायची सोय कमी खर्चात कुणी केली असेल तर प्लीज सांगा. गाईडसर म्हणतात करंट कमी कर, पण मग रोबो ठोकळा ढकलतच नाही.