आंबा मोबाईलवरून विकायचा की मार्केटला पाठवायचा? साक्याच्या एका फोटोवरून

कातळावरचा :
मागच्या मे महिन्यात आमच्या फेसबुक पानावर पुण्याच्या एका ताईंनी कापलेल्या हापूसचा फोटो टाकला. आत पांढुरका, रबरासारखा साका, म्हणजे आतल्या आत बिघडलेला गर. खाली एकच ओळ : "एका पेटीत अशी पाच फळं."

धाकटा भाऊ म्हणाला, पुसून टाक, ऐन हंगाम आहे. पुसला नाही. तिथेच उत्तर दिलं की साका बाहेरून दिसत नाही, वासालाही कळत नाही, कापल्याशिवाय आम्हालाही ओळखता येत नाही. चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे पुरतं व्हायच्या जरा आधी) तयार फळ सकाळच्या गारव्यात काढलं आणि तापल्या कातळावर ठेवलं नाही, तर साक्याचं प्रमाण कमी होतं; पण एकही निघणार नाही अशी हमी कुणी देऊ नये. पाचाच्या जागी सहा फळं पाठवतो असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पाठवली. पुढच्या आठवड्यात त्या फोटोखाली जेवढ्या ऑर्डरी आल्या, तेवढ्या मोहोराच्या किंवा झेल्याने आंबे उतरवण्याच्या एकाही रीलखाली आल्या नव्हत्या.

२०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे. तरी आमच्या वाडीतला बहुतेक माल अजून दलालाकडेच जातो. तिकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद येतो, तिच्यात हमाली आणि गाडीभाडं वजा झालेलं असतं. आंबा ज्याने खाल्ला त्याचं एक अक्षर तिच्यात नसतं. चाळीस वर्षं आंबा विकून माझ्या वडिलांना गिऱ्हाईक कसं दिसतं ते माहीत नव्हतं. बागायतदाराने या माध्यमात उतरलंच पाहिजे, आणि जाहिरात करायला नव्हे तर उत्तरं द्यायला, असं माझं मत आहे. तुमचं काय?

खाडीपलीकडे :
अनुभव खरा, निष्कर्ष पटत नाही. मोहोर आला की औषधं, खतं, गुरख्यांचे पगार सगळं एकदम अंगावर येतं. त्या वेळी उचल कोण देतो? दलाल देतो. तुमच्या पानाला फॉलो करणारा माणूस डिसेंबरात फवारणीला पैसे देईल का?

दुसरं, मे संपता संपता पावसाचा इशारा येतो आणि दोन दिवसांत बाग उतरवावी लागते. तो दीडशे पेट्या माल एका रात्रीत कोण घेणार? मार्केटच. मोबाईलवरचं गिऱ्हाईक अक्षय्य तृतीयेला दारात असतं, पडत्या भावात नसतं.

कातळावरचा :
उचलीचं बोललात ते शंभर टक्के खरं. म्हणून आम्ही सगळा माल काढून घेतलेला नाही, तीनातला एक भाग थेट देतो. पण उचल घेतली की माल बांधला गेला आणि भाव ठरवताना आपलं तोंड बंद झालं, हेही तितकंच खरं. थेट विक्रीतून आलेल्या पैशावर या वर्षी पहिल्या दोन फवारण्या उचल न घेता झाल्या.

शनिवारपेठ :
मी खाणारा. तुम्ही उत्तर दिलंत, पण सगळेच देतात, खोटे विकणारेसुद्धा. २०१८ ला कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी एप्रिलमध्ये दर दुसऱ्या पानावर 'अस्सल देवगड' असतं आणि पेटीत कर्नाटकचं फळ निघतं. बागेचा फोटो उचलता येतो, चांगले अभिप्राय मित्रांकडून लिहून घेता येतात, वाईट पुसता येतात. दोनदा फसलो. आता ओळखीच्या गाळ्यावरच जातो. तिथे निदान माणूस समोर असतो, नाकाने वास घेता येतो.

मोहोर :
यावर देवगडला चांगलं काम झालंय. तिथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर क्रमांकाचं स्टिकर आणलं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग स्टिकर फाडून आतला दडलेला क्रमांक सांगायचा. जुळला तर तो आंबा कोणत्या उत्पादकाचा ते कळतं. माझ्या मते प्रचार असा हवा : गिऱ्हाइकाने विचारावं आणि खुद्द फळाने उत्तर द्यावं.

बाकी नवख्यांना एक सांगते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून पेटीत चिठ्ठी घाला : "नंबर सेव्ह करा, आंबे कधी खायचे ते आम्ही कळवू." आणि खरंच कळवा. अढीतून (पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांतून) काढायची वेळ शहरात अर्ध्या लोकांना ठाऊक नसते, हिरवं फळ कापतात आणि आंबट म्हणून नावं ठेवतात.

हिशेबवही :
सगळं वाचलं. उत्तरं द्यायची म्हणता, पण देतं कोण? काढणी पहाटे, दुपारी प्रतवारी, रात्री गाडी भरणं. पुरुषमाणसं दमून झोपतात. रात्री साडेअकराला "अजून कच्चे आहेत, काय करू?" याला उत्तर देणारी मी असते. पत्ता चुकला की ओरडा मीच ऐकते. हंगामात एक आठवडा वेळ लिहून ठेवला, रोजचे सरासरी तीन तास भरले. आमच्या वहीत खोका, पेंढा, गाडीभाडं, गड्यांची मजुरी सगळं आहे. हे तीन तास कुठेच नाहीत. थेट विक्रीत जास्त सुटतात ते पैसे यातूनच येत असतील, तर दलाल परवडला. तो निदान जे वजा करतो ते पट्टीत लिहितो.

माझा थेट विक्रीला विरोध नाही. फुकटात चालवायला आहे.

खाडीपलीकडे :
हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे हेच होईल म्हणून आई नको म्हणत होती बहुतेक.

कातळावरचा :
हिशेबवहीताई, खरं सांगतो. साक्याच्या फोटोखालचं ते उत्तर मी खळ्यात पेट्या भरताना तोंडी सांगितलं होतं. लिहिलं बायकोने, आणि "पाचाला सहा देऊ" हे तिचंच. वर मी 'उत्तर दिलं' असं स्वतःच्या नावावर मांडलं, ते चुकलं. पेटीमागे किती धरावेत?

हिशेबवही :
आमच्याकडे या वर्षीपासून पेटीला पन्नास ठरलेत. पण घरखर्चात मिसळू नका. तिच्या खात्यावर, दर शनिवारी, गड्यांच्या मजुरीबरोबर.