चरणसिंग मंत्रिमंडळ, 1979: यशवंतरावांना उपपंतप्रधानपद कसे मिळाले?

सातारकर:
नमस्कार. यशवंतराव चव्हाण देशाचे उपपंतप्रधान होते, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ते ज्या मंत्रिमंडळात या पदावर होते, त्याविषयी मराठीत एखाद-दुसऱ्या वाक्यापलीकडे काही वाचायला मिळत नाही. 28 जुलै 1979 रोजी शपथ घेतलेल्या चौधरी चरणसिंगांच्या सरकारने 20 ऑगस्टला, लोकसभेला सामोरे न जाताच, राजीनामा दिला. मोरारजींच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडणारे विरोधी पक्षनेते यशवंतराव त्याच महिन्यात सरकारात दुसऱ्या क्रमांकावर कसे गेले आणि या मंत्रिमंडळात कोणाच्या वाट्याला काय आले, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

संसदवाचक:
प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर खात्यांच्या वाटणीतच सापडते. मोरारजींनी 15 जुलैला राजीनामा दिल्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम यशवंतरावांनाच सरकार स्थापनेसाठी पाचारण केले होते. बहुमत जुळत नाही हे त्यांनी काही दिवसांतच कळवले. मग चरणसिंग आणि मोरारजी या दोघांकडून समर्थकांच्या याद्या मागवण्यात आल्या, आणि चरणसिंगांची यादी मोठी ठरली. मात्र ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लोकसभेत विश्वासमत घ्यावे, अशी अपेक्षा राष्ट्रपतींनी त्यांच्यासमोर ठेवली.

आता मंत्रिमंडळ पाहा. चरणसिंगांच्या जनता पक्ष (सेक्युलर) या गटाकडे पंतप्रधानपदाखेरीज अर्थ खाते हेमवतीनंदन बहुगुणांच्या आणि परराष्ट्र खाते श्यामनंदन मिश्रांच्या रूपाने राहिले. बिजू पटनायक आणि रवी राय हेही याच बाजूचे. यशवंतरावांच्या काँग्रेसकडे, म्हणजे पुढे अर्स काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या पक्षाकडे, गृह खाते स्वतः यशवंतरावांचे, संरक्षण सी. सुब्रमण्यम यांचे, उद्योग ब्रह्मानंद रेड्डींचे आणि शिक्षण करणसिंगांचे. शिवाय आपल्या मधु दंडवत्यांनी सोडलेले रेल्वे खाते टी. ए. पै यांच्याकडे गेले. एवढी वजनदार खाती धाकट्या भागीदाराला कोणी देत नाही. यशवंतरावांचे उपपंतप्रधानपद मला म्हणूनच व्यक्तिगत मानापेक्षा दोन पक्षांतील कराराचा भाग वाटते, कारण राज्यघटनेत या पदाचा उल्लेख नाही आणि त्याला वेगळे अधिकारही नाहीत.

तरीही हे दोन पक्ष मिळून बहुमत होत नव्हते. ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर अवलंबून होते, आणि त्या पक्षाचा एकही मंत्री सरकारात नव्हता. खाती ज्यांच्याकडे होती त्यांच्या हाती सरकारचे आयुष्य नव्हते. हा दोष स्थापनेच्या दिवसापासूनचा आहे.

कोकणी माणूस:
वरील माहितीत एक भर घालतो. 19 ऑगस्टला अण्णा द्रमुकचे सत्यवाणी मुथू आणि बाला पजनोर हे दोन मंत्री घेण्यात आले. द्रविड चळवळीतून आलेला पक्ष केंद्रीय मंत्रिमंडळात येण्याची ही पहिलीच वेळ होती. परंतु इंदिरा काँग्रेस पाठिंबा देणार नाही हे स्पष्ट झाल्यामुळे चरणसिंगांनी दुसऱ्याच दिवशी, ज्या दिवशी लोकसभा विश्वासमतासाठी भरायची होती त्याच दिवशी, राष्ट्रपतींकडे राजीनामा दिला आणि लोकसभा बरखास्त करण्याची शिफारस केली. आणीबाणीतील प्रकरणांसाठीच्या विशेष न्यायालयांबाबत माघार घेण्याची अट आपण मानली नाही, अशी चरणसिंगांची बाजू होती. मला ती बरीचशी पटते, कारण त्या काळात पाठिंबा टिकवण्याचा सोपा मार्ग तोच होता.

मोरारजींनंतर जनता पक्षाचे नेते झालेल्या जगजीवनरामांना सरकार स्थापनेची संधी न देता 22 ऑगस्टला लोकसभा बरखास्त झाली, याचे समर्थन मात्र मला आजही करता येत नाही. सभागृहाचा विश्वास कधीच न मिळवलेल्या मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींनी मानावा का, हा तेव्हाचा वाद रास्तच होता.

सातारकर:
दोघांचेही मनापासून आभार. राजीनाम्यानंतर हेच मंत्री जानेवारी 1980 पर्यंत पदावर होते ना? त्या काळात त्यांना निर्णय घेता येत होते का?

संसदवाचक:
होय, 14 जानेवारी 1980 रोजी इंदिरा गांधींनी शपथ घेईपर्यंत तेच काळजीवाहू सरकार होते. बहुगुणा ऑक्टोबरमध्येच बाहेर पडले. काळजीवाहू सरकार अशी वेगळी व्यवस्था घटनेत लिहिलेली नाही, त्यामुळे मर्यादा कोणती हा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला. दैनंदिन कारभार चालवावा, धोरणात्मक निर्णय टाळावेत, असा त्या न्यायालयाचा रोख होता. प्रत्यक्षात मात्र ऑक्टोबर 1979 मध्येच काळाबाजार रोखण्यासाठी प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा अध्यादेश निघाला. खटल्याविना माणसाला अटकेत ठेवण्याचा अधिकार हा दैनंदिन कारभार कसा म्हणावा? गृह खाते तेव्हा यशवंतरावांकडे होते, आणि त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही त्यांच्या चरित्रकारांनी या अध्यादेशाला अधिक जागा द्यायला हवी, असे मला वाटते.