ढोलकीचे बोल मिडी कीबोर्डवर: स्फोर्झांडोत आवाज फार खाली आणि रेंगाळत येतो

ताल_३६: ढोलकीचे सहा बोल वेव्ह फाइलमध्ये आहेत, स्फोर्झांडो या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी एसएफझेड फाइल (कोणत्या पट्टीवर कोणता आवाज हे सांगणारी मजकूर फाइल) हाताने लिहिली आहे. बोल ३६ ते ४१ या मिडी नोटांवर (पट्ट्यांच्या क्रमांकांवर) ठेवलेत. आवाज फार खाली आणि लांबलेला येतो, पट्टी सोडली की तुटतो, आणि 'तिरकिट' यंत्रासारखं वाजतं. विंडोज, ४४.१ किलोहर्ट्झ, बफर ५१२. कुठे चुकतंय?

पुडी_वादी: लो-की आणि हाय-की (आवाज कुठपासून कुठपर्यंतच्या पट्ट्यांवर वाजेल) दिलंत, पिच-की-सेंटर (कोणत्या पट्टीवर तो मूळ सुरात वाजेल) राहिलं असणार. ते दिलं नाही तर ६० धरलं जातं. मग ३६ वरचा 'गे' दोन सप्तकं खाली, चौपट लांब वाजतो. तिन्हींऐवजी नुसतं 'की=३६' लिहा, काम झालं.

लूप-मोड 'वन-शॉट' (पट्टी सोडली तरी फाइल शेवटपर्यंत वाजते) केलं की आवाज तुटणार नाही. पण मग बंद 'के' मारला तरी आधीच्या 'गे'चा घुमारा चालूच राहील. खऱ्या ढोलकीत तळवा पुडीवर टेकला की तो थांबतो. म्हणून 'गे'ला ग्रुप १ आणि ऑफ-बाय २ द्या, 'के'ला ग्रुप २; म्हणजे 'के' वाजला की 'गे' थांबतो.

सूरमेळ: 'तिरकिट'साठी प्रत्येक बोलाचे किमान चार वेगवेगळे आघात घ्या. सीक्वेन्स-लेंग्थ ४, आणि पोझिशन १ ते ४, म्हणजे ते आळीपाळीने वाजतात. एकच फाइल चारदा वापरून उपयोग नाही, कान लगेच पकडतो.

हळू आणि जोरकस आघात वेगळे रेकॉर्ड केले असतील तर फाइल एकेकटी नॉर्मलाइझ करू नका (म्हणजे प्रत्येकीचा आवाज एकाच कमाल पातळीला आणू नका); हळू-जोराचं प्रमाणच बिघडतं. आणि अ‍ॅम्प-व्हेलट्रॅक (पट्टी हळू-जोरात दाबण्याचा आवाजावर किती परिणाम व्हावा ते) मुळात १०० असतं, त्यामुळे आधीच हळू असलेला आघात आणखी दबतो. २० च्या आसपास आणून ऐका.

पुडी_वादी: बफरचं राहिलंच. ५१२ सॅम्पल म्हणजे पट्टी दाबल्यावर ११.६ मिलिसेकंद उशीर, त्यात ड्रायव्हरचा उशीर वेगळा. साउंडकार्डचा स्वतःचा एशियो (कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडून १२८ करा (२.९ मिलिसेकंद), कडकड आली तर २५६. तरी हात मागे पडतोय असं वाटलं तर फाइलच्या सुरुवातीची शांतता बघा. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमध्ये लाट मोठी करून आघाताच्या अगदी अलीकडे कापा, कापण्याआधी 'झेड' दाबा (काप लाट शून्यावर असते तिथे सरकतो), म्हणजे 'टक्' येत नाही.

सूरमेळ: 'गे'चा घिस्सा (तळवा घासून सूर सरकवणं) कीबोर्डच्या पिच-व्हीलवर, म्हणजे सूर वर-खाली करणाऱ्या चाकावर, छान येतो. बेंड-अप (चाक वर केल्यावर सूर किती चढेल) मुळात २०० सेंट, म्हणजे दोन अर्धस्वर असतं; फक्त 'गे'ला ५०० करा. चाटेच्या (उंच सुराच्या पुडीच्या) बोलांना वर-खाली दोन्हीकडे शून्य, नाहीतर सुरात लावलेली चाटही व्हीलबरोबर सरकेल.