अमळनेर: घराच्या मागे ३०० चौ. फूट वाढवायचे आहे, आर्किटेक्टच्या फीसाठी किती धरावेत? (मदत हवी आहे)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. लेआउटमधला ३० बाय ५० चा एन.ए. प्लॉट आहे. त्यावर २००४ सालचं तळमजल्याचं घर, २४ बाय २७. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम नाहीत. पुढे ८ फूट मोकळे, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट, उरलेली जागा मागे. मागे बेडरूम १२ बाय १४, स्वयंपाकघराची वाढ १२ बाय ७ आणि संडास-बाथरूम ६ बाय ७ असं २९४ फूट काढायचंय. मिस्तरी मालासकट १,९०० रुपये फूट सांगतोय, वर म्हणतो, "नकाशा कसाले काढतस भाऊ, बठ्ठं मी करी दिसू." (नकाशा कशाला काढता, सगळं मी करून देईन.)

फी तीन ठिकाणी विचारली. एक ६ टक्के म्हणाले, दुसरे ६० रुपये फूट, तिसरे "पासिंगसकट (नगरपरिषदेची परवानगी धरून) २५ हजार". बजेटमध्ये कोणता आकडा धरू? थोडं कर्जही काढायचंय.

सळई१२
या तीन आकड्यांची तुलना होत नाही, कारण तिघं तीन वेगळी कामं विकताहेत.

६ टक्के कशावर ते विचारा. मिस्तरीच्या दराने काम ५,५८,६०० चं, त्यावर फी ३३,५१६. पण टाइल्स, ओटा, वायरिंग, टाकी धरून खर्च सात लाखांवर गेला तर फी ४२ हजार. तुम्ही महागडी टाइल निवडलीत म्हणून त्यांचं काम वाढत नाही, फी मात्र वाढते. टक्केवारी मान्य करायचीच असेल तर सुरुवातीच्या एस्टिमेटवर गोठवून घ्या.

६० रुपये फूट म्हणजे नवं बांधकाम की अख्खं घर? २९४ फुटांवर १७,६४० होतात. जुनं घरही मोजून नकाशात दाखवावं लागतं म्हणून ९४२ फूट धरले तर ५६,५२०. एकाच वाक्यातून तिपटीहून जास्त फरक निघतो.

तिसऱ्यांचे २५ हजार हे बहुतेक फक्त परवानगीच्या नकाशाचे. त्यावर कोणती सळई कुठे आणि किती, हे नसतं. त्या एका कागदावर घर बांधायला घेतलं की बाकीचे निर्णय मिस्तरी घेतो.

छोट्या वाढीव कामाला टक्केवारी लावूच नये असं माझं मत. जुनं घर मोजायला, नगरपरिषदेची फाइल तयार करायला आणि साइटवर यायला वेळ तेवढाच लागतो, मग काम पाच लाखांचं असो की पंधरा. ठरावीक रक्कम ठरवा, ती टप्प्यांत द्या.

लेव्हलबाटली
फीच्या आधी मागची जागा मोजा ना भाऊ. ५० मधून ८ आणि २७ गेले, राहिले १५. त्यात १४ ची खोली घातली तर मागच्या हद्दीपर्यंत एकच फूट उरतो. लेआउटमधल्या सुट्या प्लॉटवर एवढ्या अंतराला परवानगी मिळायची नाही.

एफएसआयची (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं, त्या मर्यादेची) अडचण नाही. प्लॉट १,५०० चौ. फूट म्हणजे १३९ चौ. मी., दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१ धरला तर १५३ चौ. मी. मिळतात. तुमचं जुनं-नवं मिळून साडेसत्त्याऐंशी. अडतंय ते सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा. समजा मागे ५ फूट सोडावे लागले, तर तुमच्या हातात २४ बाय १० राहतं. तेव्हा आज ज्याला फी विचारताय ते डिझाइनच बदलणार.

म्हणून आधी फक्त तपासणीचं काम द्या: मोजणी, जुना मंजूर नकाशा, सामासिक अंतरं, आणि काय बसतं याचं एक रेखाचित्र. चार हजार द्या, आणि पुढचं काम त्यांनाच दिलं तर ते फीतून वजा, असं लिहून घ्या. २००४ चा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र सापडतंय का ते आजच बघा. त्या वेळी नकाशापेक्षा जास्त बांधलं असेल तर आधी ते नियमित करावं लागेल, त्याचं प्रशमन शुल्क (दंड) वेगळं.

बोरीकाठ
बापरे, मागचं गणित लक्षातच आलं नव्हतं. मंजूर नकाशाची झेरॉक्स आहे, भोगवटा शोधतो. आणखी एक, शौचाची टाकी मागेच आहे, घरापासून साधारण सहा फुटांवर. अडचण येईल का?

गिरणाथडी
येईल, आणि तीच सगळ्यात मोठी. टाकी बरोबर नव्या खोलीच्या पोटात येतेय. तिच्यावर किंवा तिला लागून पाया घेता येत नाही. टाकी हलवा, नाहीतर संडासाची जागा फिरवा. हा खर्च १,९०० च्या दरात धरलेला नसणार.

स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आर्किटेक्टच्या फीत आहे का, हे स्पष्ट विचारा. तुमच्याकडे त्याला दोन कामं आहेत. पहिलं, स्वयंपाकघर मागे वाढवायचं तर मागची भिंत फोडावी लागणार, आणि स्लॅबचा भार बहुतेक त्याच भिंतीवर आहे. भोक पाडून वर लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) टाकला की झालं, असं नसतं. आधी टेकू, मग बीम आणि बीमखाली नीट टेकण, हा क्रम कागदावर हवा.

दुसरं, पाया. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वीस वर्षांत जुना पाया बसून गेलाय, नवा बसायचाय. दोन्ही बांधकामं घट्ट जोडली तर वर्ष-दोन वर्षांत जोडावर उभी भेग आणि स्लॅबमधून गळती. जुन्या भिंतीलगत खड्डा घेऊन पाया किती खोल आणि किती रुंद ते आधी बघा. नवा पाया काळ्या मातीखाली मुरमापर्यंत न्या, पण जुन्याच्या खाली खणावं लागलं तर एकदम सलग नको, तुकड्या-तुकड्याने. जोड सुटा ठेवून वरून पाणी बंद करायचा तपशील ड्रॉइंगमध्ये मागा. लेव्हलही लिहून घ्या: फरशी लागल्यावर जुनी-नवी जमीन एक पातळीत, बाथरूम थोडं खाली.

सळई१२
आता बजेटचा सांगाडा देतो. आकडे अंदाजाचे आहेत, कोटेशन आलं की बदला.

जुन्या घराची मोजणी, डिझाइन, परवानगीचा संच आणि फाइलचा पाठपुरावा: २२,००० (तपासणीचे ४,००० यातच)
कामाची ड्रॉइंग, प्लंबिंग-वायरिंगसह: १०,०००
स्ट्रक्चरल: १०,०००
साइटवर सहा भेटी: ६,०००

एकूण ४८,०००. साडेपाच लाखांच्या कामावर हे साडेआठ टक्क्यांच्या आसपास जातं, त्याला घाबरू नका. ते जीएसटी नोंदणीकृत असतील तर वर १८ टक्के, म्हणजे ८,६४०. नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही, बिलावर नंबर बघा.

भेटी कधी ते करारात लिहा: लाइनआउटला (जमिनीवर आखणी करताना), खड्डे खणून झाल्यावर पीसीसीच्या (पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या) आधी, प्लिंथला (जोत्याला), भिंत फोडताना, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर, आणि पाइप झाकायच्या आधी. स्लॅब भरल्यावर येऊन उपयोग नाही. जादा भेटीचा दर आणि डिझाइन किती वेळा फुकट बदलून मिळेल, हेही त्यातच.

पैसे असे: सुरुवातीला १०,०००, फाइल दाखल झाल्यावर ८,०००, मंजुरी आल्यावर १०,०००, कामाची आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग हातात पडल्यावर १४,०००, भेटींचे त्या-त्या वेळी. "पासिंगला" म्हणून रोख कोणी मागितली तर देऊ नका. छाननी शुल्क, विकास शुल्क हे तुमच्या नावाच्या चलनावर भरले जातात. ते ४८ हजारांत नाहीत, वेगळे धरा.

लेव्हलबाटली
एक भर. आर्किटेक्टच हवा असं नाही, परवानाधारक इंजिनिअरही परवानगीचा नकाशा दाखल करू शकतो. पण स्वतःला आर्किटेक्ट म्हणवत असतील तर वास्तुकला परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९७२ च्या कायद्याने नोंदणीशिवाय तो शब्द वापरता येत नाही.

कर्जाचं असं: बँक मंजूर नकाशा आणि सही-शिक्क्याचं एस्टिमेट मागेल, आणि पैसे काम होईल तसे टप्प्याटप्प्याने सोडेल. म्हणजे मंजुरी येईपर्यंतचे २८ हजार आणि चलनं तुमच्या खिशातून जाणार, तेवढे आधी बाजूला काढा. एस्टिमेटमध्ये टाकी हलवणं आणि फोडलेल्या भिंतीच्या जागचा बीम आलाय का ते बघूनच बँकेत जा. नंतर वाढवून मागितलं तर फाइल पुन्हा पहिल्यापासून.