मदत हवी आहे: फेअरबँक्सच्या बिननळाच्या घरी सासूबाई हिवाळ्यात येताहेत. पाणी आणि संडासाची सोय कशी करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही अलास्कात, फेअरबँक्सच्या बाहेर टेकडीवर राहतो. नवरा विद्यापीठात नोकरीला, मुलगी दुसरीत. इथे ज्याला 'ड्राय केबिन' म्हणतात तसलं घर आहे. वीज आहे, इंटरनेट आहे, तेलावरचा हीटर आणि लाकडाची शेगडी आहे, फक्त नळ नाही. अशी घरं या भागात चिक्कार आहेत. जमीन परवडली ती अशा घरासकटच, तेव्हा "मुळात राहताच कशाला तिथे" हा प्रतिसाद कृपया नको. तो माझ्या आईकडून रोज फुकट मिळतो.

पाणी जवळच्या फॉक्स गावच्या झऱ्यावरून आणतो. रस्त्याकडेलाच आहे, पैसे पडत नाहीत, थंडीतही वाहता असतो. पाच गॅलनचा कॅन भरला की वीस किलोच्या आसपास जातो. ओट्यावर तोटीचा कॅन, त्याखाली सिंक, सिंकखाली सांडपाण्याची बादली. ती भरत आलीय हे ज्याच्या लक्षात येईल त्याने ती ओतायची, असा नियम आहे आणि त्यामुळे ती कोणाच्याच लक्षात येत नाही. आंघोळी आणि कपडे गावातल्या लॉन्ड्रीत होतात, तिथे शॉवर असतात.

आता मुद्दा. सासूबाई नोव्हेंबरात येताहेत, मार्चपर्यंत राहतील. वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. पाण्याच्या काटकसरीची मला काळजीच नाही. त्या माण तालुक्यातल्या, टँकरमागे घागर घेऊन धावण्यात हयात गेलेली. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं झाडांना, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. अडचण आहे संडासाची. तो घरापासून वीसेक पावलांवर आहे. बैठकीला निळ्या फोमचा जाड तक्ता कापून लावलाय. त्यावर उणे ३५ अंशांतही चटका बसत नाही, हा इथला सार्वत्रिक उपाय आहे. पण डिसेंबरात दिवस पावणेचार तासांचाही नसतो, पायऱ्यांवर बर्फ, आणि त्यांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं.

बोअर मारावी, की घरात टाकी बसवून टँकरने पाणी मागवावं, की पाणी आहे तसंच ठेवून फक्त संडास आत आणावा? अनुभवी लोकांनी सांगा. शिवाय खुराड्यातल्या कोंबड्यांचं पाणी गोठतं, त्यावरही काही सुचलं तर लिहा.

— केबिनवाली

वऱ्हाडी_ठेचा: ताई, दाराशी एवढा बर्फ पडलेला असतो, तोच वितळवा ना! पाण्याला कशाला जाता?

केबिनवाली: पहिल्या वर्षी सगळ्यांना हेच वाटतं. 😄 इथला बर्फ कोरडा, पिठासारखा. दहा बादल्या वितळवल्या तर एक बादली पाणी मिळायची मारामार, आणि त्यात स्प्रूस झाडाच्या सुया. भांडी विसळायला ठीक आहे, पण तेवढ्यासाठी शेगडीत लाकडं घालत बसावं लागतं.

अँकरेजकर: बोअरचा विचार करण्याआधी जमिनीवर झाडं कुठली आहेत ते बघा. दक्षिणेकडचा उतार असेल आणि बर्च, अ‍ॅस्पन चांगले वाढले असतील तर खाली पर्माफ्रॉस्ट (बारमाही गोठलेली जमीन) नसण्याची शक्यता बरीच. उत्तरेचा उतार किंवा सखल भाग, आणि खुरटे, काटकुळे काळे स्प्रूस असतील तर जमीन कायमची गोठलेली समजा. तिथे बोअरचं पाणी पाइपातच गोठू शकतं आणि सेप्टिकचंही अवघड होतं.

टेकडीवर पाणी लागायला शेकडो फूट खाली जावं लागू शकतं आणि बिल फुटावर येतं. लागलं तरी थेट पिऊ नका. फेअरबँक्सच्या टेकड्यांमधल्या भूजलात नैसर्गिक आर्सेनिक बऱ्याच ठिकाणी सापडतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. वासाचवीला काहीच कळत नाही, प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. आणि हो, उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. सासूबाई उकळूनच पाणी पिणाऱ्या असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा. थोडक्यात, नोव्हेंबरच्या आत बोअरचं डोक्यातून काढा.

पाइपवाला: टाकी घेणार असाल तर आधी वजनाचा हिशेब. ३०० गॅलन म्हणजे साधारण ११३५ लिटर, म्हणजे सव्वा टनाला थोडंच कमी. तुमची केबिन खांबांवर उभी असणार. तेवढं ओझं एका कोपऱ्यात नुसतं ठेवून चालणार नाही, खाली जादा टेकू लागतील. जमिनीत पुरायचा विचार पर्माफ्रॉस्ट नाही याची खात्री झाल्याशिवाय नको. टाकी घराच्या उबेतच हवी, आणि टँकरची नळी जोडायचं तोंड रस्त्याच्या बाजूला.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: पाणी आत येणं सोपं, बाहेर जाणं अवघड. सिंकचं पाणी थेंबथेंब बाहेरच्या नळीत गेलं की थरावर थर गोठून नळी बंद. आत पिंपात साठवा आणि पिंप भरलं की एकदम सोडा. नळीला सरळ उतार द्या, मध्ये कुठे पोट नको. हे जमणार नसेल तर बादलीच बरी.

येलोनाइफची_काकू: अगं, आमच्याकडे उत्तर कॅनडात, येलोनाइफच्या ओल्ड टाऊनमध्ये अजून टँकरनेच पाणी येतं, त्यामुळे तुझं दुखणं कळतं. पण बोअर आणि टाकी राहू दे बाजूला. आधी म्हातारीला रात्री बाहेर जावं लागणार नाही एवढं बघ.

लघवी वेगळी काढणारा कोरडा संडास मिळतो, तो आत बसव. लघवी एका डब्यात, मैला दुसऱ्यात, वर लाकडाचा भुसा. दोन्ही वेगळे राहिले तर वास जवळजवळ नसतो. हवा बाहेर काढणारी नळी मात्र जाड आणि उबदार वेष्टणाची घे. बारीक नळीत आतल्या वाफेचं दव गोठतं आणि जानेवारीत ती बुजते. भरलेला डबा बाहेर झाकणाच्या पिंपात रिकामा केला की तिथेच गोठून राहतो, उन्हाळ्यात बघायचं. शिवाय पलंगाशी साधी कमोड खुर्ची ठेव. पडदा लाव, दार लागलं तर उत्तमच. नाहीतर लाजेने कमी पाणी पितील आणि मग वेगळंच दुखणं निघेल.

केबिनवाली: काकू, ही लाजेची गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती. गेल्या वेळी इथे आल्या होत्या उन्हाळ्यात, तेव्हाही चहा अर्धाच घ्यायच्या. कारण आत्ता कळतंय.

अँकरेजकर, आमच्याकडे वरच्या बाजूला बर्च आहेत आणि खालच्या कुंपणाशी तेच खुरटे स्प्रूस. म्हणजे एकाच जमिनीत दोन्ही. बोअरचं उन्हाळ्यात बघू.

आता आतला संडास कुठे करायचा ते ठरवायचंय. जिन्याखाली साडेतीन फूट रुंद जागा आहे, पण तिथून शेगडी लांब पडते. दुसरी जागा शेगडीच्या भिंतीला लागून, पण ती स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, आणि सासूबाईंना ते कदापि चालायचं नाही. जिन्याखालच्या जागेत ऊब कशी आणायची? वेगळा इलेक्ट्रिक हीटर, की दाराला खालीवर जाळी ठेवून पंखा?

पाइपवाला: जाळी आणि पंखा आधी करून बघा, फक्त पंखा गरम हवा आत ढकलणारा हवा, उलटा नको. बाहेरच्या भिंतीला आतून फोम लावा. फोम उघडा ठेवू नका, वर प्लायवूड किंवा जिप्सम बोर्ड मारा. आणि कोंबड्यांसाठी तळाला हीटर असलेलं पाण्याचं भांडं मिळतं, ते घ्या. खुराड्यात हीट लॅम्प टांगू नका, भुशावर पडला की आग लागते.