तो वराह नव्हे, पंजुर्ली
इथे टाकलेल्या फोटोतल्या पितळी डुकराच्या मुखवट्याला वरच्या प्रतिक्रियेत कुणीतरी विष्णूचा वराह अवतार म्हटलंय. माझ्या मते तो पंजुर्ली आहे, तुळुनाडूतला, म्हणजे उडुपी-मंगळूर पट्ट्यातला भूत. इथे भूत म्हणजे पिशाच्च नाही, राखणदार दैवत. तुळूत पंजी म्हणजे डुक्कर. पार्वतीने लाडाने वाढवलेल्या रानडुकराने शंकराची बाग उद्ध्वस्त केली, शेवटी शंकराने त्याला माणसांच्या रक्षणासाठी पृथ्वीवर धाडलं, अशी कथा सांगतात. विष्णूचा इथे संबंध नाही.

शिवाय वराहमूर्तीत बहुधा माणसाचं धड आणि भूदेवी असते. इथे नुसतं तोंड आहे: लांब मुस्कट, वर वळलेले सुळे, ताठ कान, बाहेर आलेली जीभ. हे मेण वितळवून केलेलं ओतीव काम. आधी मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून वाहून गेलं की त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावा लागतो, म्हणून प्रत्येक मुखवटा एकुलता एक.

उडुपीजवळच्या एका कोलात, म्हणजे भूताच्या पूजा-नृत्याच्या विधीत, मी असा मुखवटा हातभर अंतरावरून पाहिलाय. दिवटीच्या उजेडात सुळ्यांची टोकं तेवढी लखलखत होती, डोळ्यांच्या खोबणीत जुन्या कुंकवाचा थर होता. एरवी हे मुखवटे भंडार, म्हणजे दैवताचा ठेवा, म्हणून जपून ठेवतात आणि कोलासाठी वाजतगाजत दैवताच्या ठाण्यावर आणतात. म्हणूनच काचेच्या कपाटात, कुठल्या गावचा हेही न लिहिता ठेवलेला पंजुर्ली बघितला की जीव तुटतो. तुमच्या फोटोतल्या पाटीवर गावाचं नाव होतं का?