‘समुद्राला कुंपण घालता येत नाही’ म्हणे!

समुद्रपक्षी: काल इथेच कुणीतरी लिहिलं, "मासा हद्द मानत नाही, सरकारी सागरी अभयारण्य म्हणजे फलक लावायचा कार्यक्रम." डोकंच फिरलं. मासा फिरतो हो, पण तो जिथे वाढतो ते खडक, प्रवाळ, समुद्री गवत जागचं हलत नाही. न्यूझीलंडमध्ये केप रॉडनीजवळचं पाणी १९७५ साली राखीव झालं. स्नॅपर मासे आणि शेवंडं वाढली, त्यांनी सी-अर्चिन (तळावरचे गोल, काटेरी प्राणी) खाल्ले आणि अर्चिननी फस्त केलेली केल्पची, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाची, जंगलं पुन्हा उभी राहिली. हे फलकाने केलं?

खलाशी_नाना: मीच तो ‘कुणीतरी’. आमच्या वडिलांची होडी वल्ह्याची. जवळचं पाणी बंद झालं, लांब जायची ताकद नाही. ट्रॉलरवाले खुशाल हद्दीला चिकटून जाळी ओढत होते. आणि हिंदी महासागरातली चागोस बेटं? माणसं आधीच हाकललेली, मग २०१० साली ब्रिटनने भोवतालचा समुद्र राखीव केला. त्यातल्याच दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ मात्र त्यातून वगळला! २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते राखीव करणंच बेकायदा ठरवलं. एवढं निसर्गप्रेम!

प्रवाळवेडी: सगळे मच्छीमारांवरच घसरतात. पर्यटकांच्या बोटींचं काय? मी खाली असताना वरून नांगर पडला. बोट वाऱ्याबरोबर फिरली तशी साखळी तळावर झाडूसारखी फिरली आणि शिंगाळ प्रवाळाच्या फांद्या कटाकट मोडल्या. ती राखीव जागाच होती!

बोटवाला: ताई, बोट बांधायला बोया (पाण्यावर तरंगणारा, तळाशी पक्का केलेला पिंप) द्या, नांगर कोण टाकतंय? तिकिटातून कर कापतात, बोया एक नाही. आणि तुमचे डायव्हरच फोटोसाठी प्रवाळाला धरून लोंबकळतात.

प्रवाळवेडी: मी धरत नाही.

बोटवाला: सगळे असंच म्हणतात.

प्रवाळवेडी: बोया नसेल तर वाळूवर टाका की नांगर! तेवढं बघायलाही सरकार हवं?

बोटवाला: गढूळ पाण्यात वाळू दिसते तुम्हाला? एकदा सुकाणू धरून बघा, मग शिकवा.

समुद्रपक्षी: नांगराचा वेगळा धागा काढा. नाना, चागोस मान्य, लाजिरवाणंच आहे. पण मेक्सिकोतलं काबो पुल्मो बघा. गावकऱ्यांच्याच पुढाकाराने १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राखणही त्यांचीच. १९९९ ते २००९ दरम्यान तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं.

खलाशी_नाना: गावकऱ्यांच्या पुढाकाराने ना? मग माझंच म्हणणं मांडलंत, आभारी आहे. आधी ट्रॉलर बाहेर काढा, होडीवाल्याला विचारा, मग तुमच्या फलकाला खिळे मी ठोकतो.

प्रवाळवेडी: आणि बोयाचं कोण बघणार?